आजारी शॅमेलिऑनसाठी आर्केडियाचा ६ टक्के यूव्हीबी दिवा

येमेनी शॅमेलिऑनचे आजारी पिल्लू घरी आल्यावर आम्ही त्याच्या पिंजऱ्यात जे बदल केले, त्यांत आर्केडिया कंपनीच्या २४ वॉटच्या प्रोटी५ या यूव्हीबी (म्हणजे अतिनील-बी किरण देणाऱ्या) दिव्याच्या संचाइतका उपयोग दुसऱ्या कोणत्याही वस्तूचा झाला नाही. आम्ही न्यू जर्सीत राहतो. भारतातला शॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्यामुळे तो पाळता येत नाही, तेव्हा हे परीक्षण परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे.

दुकानदाराने पिल्लासोबत काचेची पेटी आणि पिळाच्या आकाराचा छोटा यूव्हीबी बल्ब दिला होता. पिल्लाचे पुढचे पाय बाकदार झाले होते, फांदीवरची पकड सुटत होती आणि जीभ रातकिड्यापर्यंत पोहोचत नव्हती. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांनी क्ष-किरण तपासणी करून कॅल्शिअमच्या कमतरतेमुळे हाडे मऊ पडल्याचे निदान केले, पोटातून द्यायचे कॅल्शिअम सुरू केले आणि दिवा बदलायला सांगितले. यूव्हीबी किरण त्वचेवर पडल्याशिवाय या प्राण्यांच्या शरीरात ड३ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, आणि ते नसेल तर खाद्यावर कितीही कॅल्शिअमची पूड भुरभुरली तरी ती नीट शोषली जात नाही. खिडकीतल्या उन्हाचाही इथे उपयोग नाही, कारण साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते.

पिळाच्या बल्बचे किरण एका लहानशा जागेत एकवटतात, तर या संचातली लांब नळी आणि तिच्यामागचा परावर्तक पिंजऱ्याची बरीच रुंदी व्यापतात, त्यामुळे अशक्त पिल्लाला प्रकाश शोधत धडपडावे लागत नाही. मात्र अंतराबाबत अतिशय काटेकोर राहावे. नळी पिंजऱ्याच्या छताच्या जाळीवर ठेवल्यास विणीनुसार एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त किरण वाया जाऊ शकतात; उन्ह घेण्याच्या फांदीवर, म्हणजे प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर, अतिनील निर्देशांक ३च्या आसपास यावा आणि वर चढून त्याला नळीच्या अगदी जवळ जाता येऊ नये. आमच्या जाळीतून हे अंतर साधारण ८ ते ९ इंच आले. निर्देशांक मोजण्यासाठी सोलरमीटर ६.५ हे यंत्र मिळते. ते महाग आहे, पण आजारी जनावराच्या बाबतीत अंदाजावर विसंबू नये असे मला मनापासून वाटते.

या दिव्यातून उन्हाची ऊब मिळत नाही, त्यासाठी वेगळा बल्ब लागतो. पिल्लासाठी उन्हाच्या फांदीवर साधारण २९ अंश सेल्सिअस पुरते. दिवे दिवसा १२ तास चालू आणि रात्री पूर्ण बंद ठेवावेत. काचेच्या पेटीऐवजी आम्ही जाळीचा उभा पिंजराही घेतला, आणि शॅमेलिऑन बहुधा वाटीतले पाणी ओळखत नसल्यामुळे पानांवर फवारा मारू लागलो.

पिल्लाची पकड आता घट्ट झाली आहे आणि जीभ पुन्हा नेमकी लागते. पायांचा बाक मात्र तसाच राहिला, कारण वाकून घट्ट झालेले हाड कोणत्याही दिव्याने सरळ होत नाही. म्हणून दिवसा डोळे मिटलेले किंवा खोल गेलेले दिसले, अथवा पकड सैल वाटली, तर दिवा येण्याची वाट न पाहता आधी पशुवैद्यांकडे जावे. किंमत साध्या बल्बच्या कितीतरी पट आहे आणि नळी वर्षभराने बदलावी लागते, कारण प्रकाश डोळ्यांना पूर्वीइतकाच दिसत असताना यूव्हीबी मात्र घटलेले असते. आम्ही बसवल्याची तारीख नळीच्या टोकावर लिहून ठेवली आहे.