किम सुरोची श्राव्यमालिका : राजा अर्धाच ऐकू येतो

कोरियन मालिका मोबाइलवर पाहणारी तरुण मुले आता पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या गावांतही दिसतात, त्यामुळे कोरियातील एका प्राचीन राज्याच्या संस्थापक राजाची कथा मराठीत सांगणारी श्राव्यमालिका एका ॲपवर उपलब्ध झाली, तेव्हा ती आमच्या गावात पोहोचायला वेळ लागला नाही. राजाचे नाव किम सुरो. त्याचे राज्य गारक, म्हणजेच गुमग्वान गाया, नाकदोंग नदीच्या मुखाजवळ, आजच्या बुसान शहराशेजारच्या गिम्हे येथे होते. मालिका संपूर्ण ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की तिचा पूर्वार्ध अवश्य ऐकावा, आणि राणीचे जहाज किनाऱ्याला लागले की पुढचे प्रत्येक वाक्य पारखून घ्यावे.

आधी सेवेविषयी. भाग एकदा उतरवून घेतले की नेटवर्क नसतानाही ऐकता येतात, ही सोय आमच्यासारख्यांना फार उपयोगाची आहे. धान निसवू लागले की रानडुकरांपासून ते राखण्यासाठी रात्री बांधीवर जागलीला जावे लागते, आणि तेथे मोबाइलला रेंज मिळेलच याचा भरवसा नसतो. तालुक्याच्या गावी गेल्यावर भाग उतरवून आणले की काम भागते. पडदा बंद असतानाही आवाज सुरू राहतो, त्यामुळे बॅटरी पुरते. जाहिराती मात्र वर्गणी भरल्यानंतरही येतात, आणि त्या नेमक्या प्रसंग रंगात आला असताना येतात. याविषयी कळवल्यावर आलेले उत्तर यंत्राने लिहिल्यासारखे होते आणि त्यात माझ्या प्रश्नाचा उल्लेखही नव्हता.

आता कथा. तिचा मूळ आधार म्हणजे इर्यॉन या बौद्ध भिक्षूने तेराव्या शतकात संकलित केलेला ‘साम्गुक युसा’ हा ग्रंथ. त्यात गारक राज्याचा अकराव्या शतकात लिहिला गेलेला वृत्तान्त संक्षेपाने दिला आहे. वृत्तान्ताच्या आरंभी या प्रदेशाला ना राजा आहे ना राज्याचे नाव. नऊ प्रमुख आपापल्या लोकांचा कारभार पाहतात, आणि लोक विहिरी खणून पाणी पितात व शेत कसून खातात. इसवी सन ४२ च्या तिसऱ्या चांद्रमासात गुजी नावाच्या टेकडीवरून कोणीतरी हाक मारते, पण बोलणारा दिसत नाही. आवाज विचारतो, येथे कोणी आहे काय? मग आज्ञा करतो की टेकडीच्या माथ्यावरची माती उकरा, गाणे म्हणा आणि नाचा, म्हणजे तुम्हाला राजा मिळेल. गाणे कासवाला उद्देशून आहे : कासवा, डोके बाहेर काढ, नाही काढलेस तर तुला भाजून खाऊ.

हा प्रसंग मालिकेने उत्तम उभा केला आहे. एकच आवाज सुरुवातीला हळू म्हणतो, त्याला दुसरा मिळतो, आणि शेवटी शेकडो पायांचा ठेका जमिनीवर पडत असल्याचा भास होतो. पार्श्वसंगीत म्हणून केवळ डफ वापरला आहे आणि तो पुरेसा आहे. दंडार हे इथले लोकनाट्य पाहत मोठे झालेल्या माणसाला हा ठेका परका वाटत नाही. देवाला विनवणी करायची सोडून धमकी कशी द्यायची, असा प्रश्न एका मुलाने विचारला, तेव्हा शेजारच्या बांधीवरचे म्हातारबा म्हणाले, “पाणी नाही आला त महादेवाले पाण्यात बुडवून ठेवतेत ना गा आपल्याइकडे? मंग!” पाऊस ताणला की गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवणाऱ्या लोकांना कासवाला दटावणारे कोरियन शेतकरी समजावून सांगावे लागत नाहीत. निर्मात्यांनीही येथे निवेदकाच्या तोंडी स्पष्टीकरण घातलेले नाही, ही त्यांची समज चांगली म्हटली पाहिजे.

त्यानंतर आकाशातून जांभळी दोरी उतरते, तिच्या टोकाला लाल वस्त्रात गुंडाळलेली सोन्याची पेटी असते आणि पेटीत सूर्यासारखी गोल अशी सोन्याची सहा अंडी असतात. बारा दिवस उलटल्यावर पेटी उघडली जाते, तर आत सहा बालके. (बाराव्या दिवसाचा उल्लेख येताच ऐकणाऱ्या बायकांनी “बारसा!” म्हणून एकमेकींकडे पाहिले.) सर्वांत आधी प्रकट झाला तो सुरो, त्याच महिन्याच्या पौर्णिमेला तो राजा झाला आणि उरलेले पाच जण इतर पाच गाया राज्यांचे अधिपती झाले. हे सर्व मालिकेत क्रमाने आणि फारसे सजवल्याविना येते.

माझी पहिली मोठी तक्रार येथून पुढे सुरू होते. राज्यावर आलेला सुरो काय करतो, हे मूळ वृत्तान्तात बारकाईने सांगितले आहे. त्याचे पहिले घर तात्पुरते असून त्याच्या गवती छपराच्या कडा छाटलेल्या नाहीत आणि मातीच्या पायऱ्या केवळ तीन फूट उंचीच्या आहेत. राजधानीसाठी तो दुसऱ्या वर्षी धानाच्या नव्या बांध्यांचे पठार निवडतो, आणि ही जागा पानाएवढी अरुंद असली तरी उत्तम आहे, असे म्हणतो. दीड हजार पावलांच्या परिघाचा तट बांधला जातो. परंतु राजवाडा आणि इतर घरे बांधण्यासाठी तो शेतीची कामे उरकण्याची वाट पाहतो. दहाव्या महिन्यात काम सुरू होते आणि पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या महिन्यात, म्हणजे इसवी सन ४४ मध्ये, पूर्ण होते. अंड्यातून जन्मलेल्या, नऊ फूट उंचीच्या, स्वर्गातून उतरलेल्या राजाला धानाची कापणी होईपर्यंत थांबावे लागते, आणि तो थांबतो. संपूर्ण कथेत या राजाची ओळख पटवणारे याहून मोलाचे वाक्य मला सापडत नाही, आणि मालिकेने नेमके हेच गाळले आहे. त्याऐवजी हजारो मजूर दगड वाहत आहेत, अधिकारी ओरडत आहेत आणि राजा गच्चीवरून पाहत आहे, असा एक प्रसंग रचला आहे, जो कोणत्याही देशाच्या कोणत्याही राजाला चिकटवता येईल.

ज्या प्रदेशात दिवाळीनंतर धान घरात आल्यावरच नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा शेतीच्या कामांकडे पाहून ठरतात, तेथे या एका वाक्याला किती दाद मिळाली असती! निर्मात्यांना श्रोते कोण आहेत याचा अंदाज नसावा. किंवा थांबणारा राजा नाट्यमय नसतो, असे त्यांना वाटले असावे.

तालहेचा प्रसंग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. समुद्रमार्गे आलेला हा ठेंगणा पाहुणा सुरोकडे सरळ सिंहासनच मागतो. दोघांत विद्येची झुंज लागते : तालहे ससाणा होतो तर सुरो गरुड, तालहे चिमणी होतो तर सुरो बहिरी हा शिकारी पक्षी. तालहे हार मानून निघून जातो, पाचशे नावा त्याचा पाठलाग करतात, आणि पुढे तो शेजारच्या सिल्ला राज्याचा चौथा राजा होतो. पंखांच्या आवाजांनी ध्वनिमुद्रकाने येथे कमाल केली आहे. मात्र गरुडाने ससाण्याला आणि बहिरीने चिमणीला मारले नाही, ही गोष्ट तालहे स्वतः मूळ कथेत कृतज्ञतेने बोलून दाखवतो, आणि मालिकेत तो फक्त शिव्याशाप देत पळतो. लहान मुलांना तरीही हाच भाग सर्वाधिक आवडतो.

इसवी सन ४८ मध्ये लाल शिडाचे जहाज येते आणि मालिकेचा तोल जातो. जहाजात सोळा वर्षांची हो ह्वांग-ओक ही राजकन्या आहे आणि ती स्वतःला अयुता देशाची म्हणवते. ‘अयुता म्हणजे अयोध्या’ हे समीकरण निवेदक पहिल्याच वाक्यात निर्विवाद सत्य म्हणून मांडतो आणि पुढचे तीन भाग शरयूचा काठ, मंदिरांच्या घंटा आणि संस्कृत श्लोक यांत घालवतो. या समजुतीला आज मोठे सार्वजनिक स्थान आहे, हे खरे आहे. अयोध्येत २००१ मध्ये राणीचे स्मारक उभारले गेले आणि २०१८ मध्ये दक्षिण कोरियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी किम जुंग-सूक तेथे नव्या स्मारकाच्या भूमिपूजनाला उपस्थित होत्या. स्वतःला सुरोचे वंशज मानणाऱ्या गिम्हे किम कुळातील लोकांची संख्याही कित्येक लाखांत आहे. परंतु श्रद्धा आणि इतिहास यांत अंतर ठेवण्याची जबाबदारी निवेदकाची असते. राजकन्या ज्या वर्षी आली असे सांगितले जाते, त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी हा वृत्तान्त लिहिला गेला, आणि प्राचीन बौद्ध वाङ्मयात त्या भागातील मोठे नगर साकेत या नावाने येते. थायलंडच्या अयुथ्थयाचे नाव सुचवणाऱ्यांचे तर याहून अवघड आहे, कारण ते नगर १३५१ मध्ये वसले, म्हणजे ग्रंथानंतर. एवढे चार शब्द सांगितले असते तरी कथेची गोडी कमी झाली नसती.

त्याहीपेक्षा मला राणीच्या स्वभावात केलेला बदल खटकला. मूळ कथेत नऊ प्रमुख तिला वाड्यात न्यायला येतात तेव्हा ती स्पष्ट सांगते की मी तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या मागे सहज कशी येऊ? राजाला तिचे म्हणणे पटते. तो वाड्याबाहेर डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकून तिची वाट पाहतो. म्हणजे हा राजा शेतकऱ्यांसाठी थांबतो तसा नवरीसाठीही थांबतो. मालिकेत मात्र ती जहाजातून उडी मारून किनाऱ्यावर धावत येते आणि मागे सनई वाजू लागते. लग्नानंतर तिला आणणाऱ्या पंधरा खलाशांना प्रत्येकी दहा पोती-मापे तांदूळ आणि तीस ताके कापड देऊन मायदेशी परत पाठवल्याचा तपशीलही मूळ वृत्तान्तात आहे. तोही गेला. कष्टकऱ्यांचा हिशेब कथेतून गाळण्याची ही दुसरी वेळ.

लोखंडाविषयी तर संपूर्ण मालिकेत अवाक्षर नाही. गायाच्या प्रदेशातील लोखंड शेजारच्या राज्यांत आणि जपानकडे जात असे व बाजारात ते नाण्यांसारखे चालत असे, अशी नोंद तिसऱ्या शतकातील चिनी इतिहासग्रंथात आहे. गिम्हेच्या देसोंग-दोंग येथील थडग्यांत लोखंडी चिलखते सापडली, आणि गायाचे थडगेसमूह २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. गुजी टेकडीवर आजही एक महापाषाणी शिळास्मारक आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला प्राचीन लोहभट्टी सापडलेली आहे आणि जुनापाणीची शिळावर्तुळे येथील लोकांनी पाहिलेली आहेत; या दोन्ही गोष्टी जोडून एक भाग केला असता, तर अयोध्येच्या तीन भागांहून तो विदर्भातील श्रोत्याला अधिक जवळचा वाटला असता. गंमत म्हणजे ११४५ च्या ‘साम्गुक सागी’ या दरबारी इतिहासात अंड्याचा उल्लेखच नाही. तेथे कोठून आला हे माहीत नसलेला सुरो टेकडीवर चढतो, खालची नऊ गावे पाहतो आणि राज्य स्थापतो. दोन ग्रंथांतला हा फरकही ऐकवण्याजोगा होता.

अभिनयाविषयी तक्रार करण्यासारखे थोडेच आहे. सुरोचा आवाज भारदस्त असून कोठेही ओरडत नाही. निवेदकाचे मराठी स्वच्छ आहे, परंतु कोरियन नावे तो दर भागात वेगळ्या रीतीने उच्चारतो, आणि नऊ प्रमुखांपैकी कोण बोलत आहे हे त्यामुळे कळेनासे होते. राणीचा मृत्यू १८९ मध्ये, वयाच्या १५७ व्या वर्षी, आणि तिच्या विरहात खचलेल्या राजाचा १९९ मध्ये, १५८ व्या वर्षी, अशी परंपरा आहे. हा शेवटचा भाग संयत आहे. संगीत जवळजवळ नाही. ५३२ मध्ये हे राज्य सिल्लात विलीन झाले, हे दोन वाक्यांत सांगून मालिका संपते आणि ते योग्यच आहे.

वर्षाची वर्गणी घेण्याइतका मजकूर या ॲपवर सध्या तरी नाही. एका महिन्याची घ्यावी, राणी येईपर्यंतचे भाग उतरवून ठेवावेत, आणि शेवटचा भाग वेगळा ऐकावा. मुलांना ऐकवताना जाहिरातींसाठी मोठ्या माणसाने मोबाइल हातात ठेवणे बरे, कारण त्यांतील काही जाहिराती पैसे लावून खेळण्याच्या खेळांच्या आहेत.