लंडनमधील पोस्टडॉक प्रशिक्षण : दोन वर्षांनंतरचे परीक्षण

पीएचडीनंतर पुढे काय करावे, असा सल्ला मागणारी पत्रे मला अधूनमधून येतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा रोख एकच असतो : सार्वजनिक आरोग्य या विषयात परदेशी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी, घेण्यात अर्थ आहे का? दर वेळी तेच ते लिहिण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे, म्हणून हा खटाटोप. लंडनमधील एका विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागात 'आरोग्य आणि सामाजिक विषमता' या विषयावर मी दोन वर्षे पोस्टडॉक म्हणून काम केले. संस्थेचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण माझ्या ज्या तक्रारी आहेत त्या कमीअधिक प्रमाणात इतरत्रही असाव्यात. इथे मी तपासते आहे ते फक्त प्रशिक्षण. घरभाडे आणि हवामान यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकते. विषमता कशी मोजावी, हे तिथे फार उत्तम शिकवतात. काय मोजावे, हे मात्र घरूनच ठरवून जावे लागते, आणि ते न ठरवता गेलेला माणूस तिथल्या प्रश्नांची सफाईदार उत्तरे देऊ लागतो.

या विषयाला लंडनमध्ये जुना वारसा आहे आणि प्रशिक्षणाची सुरुवातही त्याच्यापासूनच होते. १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सुमारे १८ हजार पुरुष सरकारी नोकरांची तपासणी झाली. ही सगळी माणसे पगारी नोकरीतली, एकाच शहरात काम करणारी. त्यांच्यात कोणी उपाशी नव्हते. तरीही हुद्द्याच्या प्रत्येक पायरीगणिक हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण बदलत गेले, सर्वांत खालच्या पायरीवर ते सर्वाधिक निघाले, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ही नेहमीची कारणे हिशेबात धरूनही या फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. १९८५ मध्ये स्त्रियांनाही सामावून घेणारा, १०,३०८ जणांचा दुसरा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात ब्लॅक अहवालाची गोष्टही चवीने सांगितली जाते : वर्गागणिक आरोग्यात पडणाऱ्या तफावतीवरचा हा अहवाल ब्रिटिश सरकारने १९८० मध्ये ऑगस्टच्या सुट्टीच्या सोमवारी, अवघ्या २६० प्रती काढून, जवळजवळ गुपचूप प्रसिद्ध केला होता. नको असलेला अहवाल सुट्टी गाठून बाहेर काढण्याची ही युक्ती मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

हा इतिहास घरी बसूनही वाचता येतो. घरी बसून मिळत नाही ती बुधवारची बैठक, आणि माझ्या लेखी दोन वर्षांतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. दर बुधवारी दुपारी एका खिडकी नसलेल्या खोलीत आम्ही सहा-सात जण जमत असू आणि ज्याची पाळी असेल त्याची डू-फाइल, म्हणजे स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरला दिलेल्या आज्ञांची फाइल, पडद्यावर ओळीओळीने वाचली जाई. निष्कर्ष आणि आलेख त्या दिवशी कोणी विचारत नसे. माझी पाळी सहाव्या आठवड्यात आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतून मी महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांच्या खुंटलेल्या वाढीचे विश्लेषण करत होते. राज्यातले हे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी. त्यामुळे सरासरीच्या पोटात कोणाचे काय झाले, हाच खरा प्रश्न होता. व्ही००५ हा भारांक (नमुन्यातल्या प्रत्येकाला किती वजन द्यायचे ते सांगणारा रकाना) दहा लाखांनी भागलेला आहे, नमुन्याची रचना सांगितलेली आहे, इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग व्ही१९० ही ओळ आली. कुटुंबांची आर्थिक स्तरानुसार पाच गटांत विभागणी करणारा हा रकाना आयता मिळतो, म्हणून मी तो जसाच्या तसा घेतला होता. घानाहून आलेल्या सहकाऱ्याने शांतपणे विचारले, "हे पाच भाग कोणाचे पाडले आहेत?"

प्रश्न साधा होता आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. पाण्याची सोय, शौचालय, स्वयंपाकाचे इंधन, जमीन-भिंती-छप्पर, शिवाय गादी, प्रेशर कुकर, पंखा, रंगीत टीव्ही, फ्रिज, मोटारसायकल अशा वस्तूंवरून हा निर्देशांक बनतो, आणि पाच भाग पाडले जातात ते संपूर्ण देशातल्या लोकसंख्येचे. साहजिकच मुंबईतल्या झोपडपट्टीतले कुटुंब वीज, गॅस, टीव्ही आणि कुकर यांच्या बळावर देशपातळीवर बरेच वर जाऊन बसते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, सार्वजनिक शौचालयापुढे पहाटे रांग लावावी लागते, हे सगळे खरे असूनही कागदोपत्री ते कुटुंब गरीब उरत नाही. माझ्या पीएचडीचा एक अख्खा अध्याय याच आयत्या रकान्यावर उभा होता आणि तो मुंबईत तीन परीक्षकांच्या नजरेखालून सुखरूप पार पडला होता! पुढचे तीन आठवडे मी राज्यापुरता, आणि शहर व ग्रामीण भागांसाठी वेगवेगळा, निर्देशांक नव्याने बांधण्यात घालवले. शहरी भागातली जी तफावत मला पूर्वी दिसलीच नव्हती ती तेव्हा दिसू लागली. स्वतःच्या कामाची अशी उलटतपासणी, तीही कोणी आवाज न चढवता केलेली, मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. केवळ या बैठकीसाठी मी ही पोस्टडॉक पुन्हा घेईन.

मोजमापाची शिस्त इतर ठिकाणीही जाणवते. कल्पना करा की एखाद्या आजाराचे प्रमाण गरिबांत हजारी ४० वरून २० वर आले आणि श्रीमंतांत २० वरून ८ वर. वजाबाकी केली तर अंतर २० वरून १२ वर आले, म्हणजे विषमता घटली. भागाकार केला तर दुपटीची अडीचपट झाली, म्हणजे विषमता वाढली. दोन्ही वाक्ये खरी आहेत. मंत्र्याला पहिले आवडेल आणि चळवळीतल्या कार्यकर्त्याला दुसरे. आमच्या विभागात यांपैकी एकच आकडा लिहिलेला मसुदा पुढे जात नसे. दोन्ही लिहा आणि मग काय म्हणायचे ते म्हणा, असा दंडकच होता. आकडेवारीचे अभ्यासक्रमही होते आणि ते चांगले होते, पण त्यांतले बरेचसे आता ऑनलाइन मिळते, त्यामुळे त्यांसाठी कोणी समुद्र ओलांडू नये.

आता उणी बाजू. तिथल्या प्रशिक्षणाचा कणा म्हणजे वर्ग, आणि तो व्यवसायावरून ठरतो. २००१ पासून ब्रिटनच्या सरकारी आकडेवारीत त्यासाठी ठरावीक वर्गीकरण वापरले जाते. माझ्या मार्गदर्शक बाई अत्यंत सज्जन आणि कामाला वाघ, पण जातीचा विषय निघाला की त्या तिला वंशाच्या रकान्यात बसवू पाहत. आपल्याकडच्या विश्लेषणातही अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि उरलेले अशा चार कप्प्यांवरच बहुधा भागवले जाते, ही त्यांची सोय झाली. महाराष्ट्रात कातकरी आणि महादेव कोळी एकाच 'अनुसूचित जमाती'त मोडतात. वीटभट्टीवर सहा महिने काढणाऱ्या कातकरी कुटुंबाचे आणि शिक्षण व नोकऱ्यांत पुढे गेलेल्या महादेव कोळी कुटुंबाचे आरोग्य एकाच सरासरीत घालून काय साधते, हे मी चार-पाच वेळा मांडले. उत्तर दर वेळी एकच मिळाले : नमुना लहान होईल. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. नमुना लहान होणार असेल तर कोणत्या वस्त्यांत जाऊन तो वाढवावा, हा पुढचा प्रश्न मात्र त्या खोलीत कधी आला नाही, कारण तिथे डेटा डाउनलोड होतो, गोळा होत नाही.

हीच गोष्ट जर्नल क्लबमध्ये, म्हणजे एखादा शोधनिबंध वाचून त्यावर चर्चा करण्याच्या बैठकीत, दुसऱ्या बाजूने दिसली. एकदा वाचनासाठी गडचिरोलीतल्या नवजात अर्भकांच्या घरगुती काळजीचा, अभय बंग आणि सहकाऱ्यांचा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली आलेला निबंध निवडला गेला. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, बाळाचे वजन घेण्यापासून जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापर्यंतची कामे त्यांच्यावर सोपवली आणि ३९ गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला, असा त्याचा सारांश. तासभर चर्चा झाली ती गावांची निवड यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी, नव्हती, यावर. मुद्दा योग्यच होता. पण कमी शिकलेल्या स्त्रीच्या हातात सुई द्यायची की नाही, हा सामाजिक विषमतेचाच प्रश्न आहे, असे म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे सभ्यपणे पाहिले आणि घड्याळाकडेही.

एका बाबतीत मात्र आपण त्यांच्याकडून नक्कीच शिकावे. प्रत्येक प्रकल्पासाठी स्थानिक रहिवाशांचे एक मंडळ असे आणि त्यांना वेळेबद्दल रीतसर मानधन मिळे. इंग्लंडमध्ये वस्तीचे मागासलेपण मोजणारा जो निर्देशांक आहे, तो साधारण दीड हजार लोकवस्तीच्या भागांना क्रमांक देतो. त्याचा रंगीत नकाशा (जितका रंग गडद तितकी वस्ती मागास) मी एका बैठकीत दाखवत असताना पूर्व लंडनमधल्या एका बांगलादेशी वंशाच्या आजीबाईंनी स्वतःच्या इमारतीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "आमच्या बाजूला नवे टॉवर झाले म्हणून आम्ही आता फिक्या रंगात आलो. भिंतीची बुरशी तशीच आहे." मोजमापाच्या मर्यादांवर मी वाचलेल्या कोणत्याही प्रकरणापेक्षा ती दोन वाक्ये मला अधिक उपयोगी पडली. आपल्याकडे सर्वेक्षणाला तास-दीड तास बसणाऱ्या बाईला आपण फार तर पाण्याचा ग्लास मागतो.

राहिला करार. संशोधकांच्या विकासाबाबत ब्रिटनमध्ये २०१९ साली सुधारलेली एक सामायिक संहिता आहे आणि तिच्यात वर्षाला किमान दहा दिवस स्वतःच्या प्रशिक्षणासाठी देण्याचे तत्त्व आहे. आमच्या विद्यापीठाने तिच्यावर सही केली होती आणि ती सही संकेतस्थळावर ठळकपणे झळकतही होती. मला पहिल्या वर्षी चार दिवस मिळाले आणि दुसऱ्या वर्षी, ग्रँटचा अर्ज आणि दोन निबंध एकाच वेळी अंगावर आल्यामुळे, दोन. कोणी नाही म्हटले नाही. फक्त दर वेळी 'हे एवढे संपले की' असे म्हटले गेले. दोन वर्षांच्या करारातले शेवटचे आठ महिने पुढची नोकरी शोधण्यात जातात, हेही लक्षात घ्यावे. शिवाय व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्याचे शुल्क, आधीच भरावा लागतो. २०२४ पासून तो प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १,०३५ पौंड आहे, आणि जोडीदार किंवा मूल बरोबर असेल तर प्रत्येकाचा वेगळा. संस्था तो परत देते का, हे आधी विचारावे. काही देतात.

ज्याने आपल्या पीएचडीसाठी स्वतः गावे पालथी घातली आहेत, ज्याच्यापाशी प्रश्न आहे पण विश्लेषणाची धार कमी पडते, त्याने ही पोस्टडॉक जरूर घ्यावी. ज्याची पीएचडीच मुळात डाउनलोड केलेल्या डेटावर झाली आहे, त्याने आधी दोन वर्षे एखाद्या क्षेत्रीय प्रकल्पात काढावीत, असे मी सुचवेन. तशी कामे करणाऱ्या संस्था मुंबई, पुणे, गडचिरोलीत आहेतच. अर्जाआधी मार्गदर्शकाला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : आधीचे पोस्टडॉक आज कुठे आहेत, आणि करार संपल्यावर आपण लिहिलेल्या विश्लेषणाच्या फाइली कोणाकडे राहतील. पहिल्याचे उत्तर मला त्याच दिवशी मिळाले होते. दुसऱ्याचे मिळाले नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही. राज्यापुरता बांधलेला तो निर्देशांक मी आता पुण्यात बसून पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिते आहे.