मिलफर्ड पद्धत: कथा आपली, पण बोलायचं इतरांनी. आठेक महिन्यांच्या वापरानंतर

कथा लिहून कोणाला वाचायला दिली की साधारण दोनच गोष्टी घडतात. ओळखीचे "भारी झालीय, लिहीत राहा" म्हणतात आणि अनोळखी लोक लाल बदाम टाकून पुढे सरकतात. दिवाळी अंकाला पाठवलेल्या कथेचं तर बहुतेकदा उत्तरही येत नाही. अंक बाजारात आल्यावर अनुक्रमणिका चाळायची आणि काय ते समजून घ्यायचं. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन नवख्यांनाही सविस्तर पत्र लिहून कथा कुठे लंगडते ते कळवत, असं जुने लोक सांगतात. पण 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं, तेव्हा आमच्यातल्या चौघांचा जन्मही झाला नव्हता. पुस्तक आल्यावर पाठ थोपटायला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे, पस्तिशीच्या आतल्यांसाठी. पहिलं पुस्तक काढायला साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. कच्च्या खर्ड्यावर बोलणारं माणूस कुठल्याच योजनेत मिळत नाही.

म्हणून आम्ही पाच जणांनी पुण्यात मिलफर्ड पद्धत लावून पाहिली. चौघं पंचविशीच्या आसपासचे आणि पाचव्या काकू, बँकेतून निवृत्त झालेल्या, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वाचलेल्या.

पद्धत मूळची अमेरिकेतली. पेनसिल्व्हेनिया राज्यात मिलफर्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९५६ साली डेमन नाइट आणि त्याच्या मित्रमंडळींनी विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची बैठक सुरू केली. पुढे १९६८ मध्ये क्लॅरियन कार्यशाळेने तीच रीत नवोदितांसाठी उचलली. पुढे विज्ञानकथांसाठी नावाजलेली लेखिका ऑक्टेव्हिया बटलर १९७० साली त्याच कार्यशाळेत शिकली. नियम अगदी सोपे: कथा आधी सगळ्यांनी घरी वाचून यायची. मग गोल बसून एकेकाने ठरलेली मिनिटं बोलायचं. मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. आणि ज्याची कथा आहे त्याने सगळ्यांचं होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. शेवटी त्याची पाळी, मग मोकळी चर्चा.

आम्ही एका रविवारआड सदाशिव पेठेत एकाच्या खोलीवर जमतो. प्रत्येकाला चार मिनिटं. वेळ मोबाइलवर लावतो, पण काकूंच्या वेळी तो वाजला तरी "झालं हं, एवढंच सांगते" म्हणत त्या अजून तितकंच बोलतात आणि त्यांना थांबवायची कोणाची छाती नाही. हा दोष पद्धतीचा नाही, आपल्या संस्कारांचा आहे, तो धरूनच चालायचं.

आधी जमेची बाजू. गप्प बसण्याचा नियम जाच वाटतो, पण सगळा जीव त्यातच आहे. एक उदाहरण सांगते. आमच्यातल्या एकीने एसटीच्या वाहकावर कथा लिहिली होती. गाडी मुक्कामी असते, गाव जुन्या ओळखीचं, रात्री वेबिलचा हिशोब उरकून हा रोकड बॅग गाडीतच ठेवतो आणि एका बाईला भेटायला जातो. प्रसंग छान उतरला होता. काकूंना भाषा आवडली, मला अंधाराचं वर्णन आवडलं. मग ज्याचे वडील एसटीत वाहक होते तो एवढंच म्हणाला, "बॅग सोडून कंडक्टर लघवीलासुद्धा जात नाही." लेखिकेच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिला सांगायचंय, बॅग मागे ठेवणं म्हणजे नोकरी, संसार सगळं मागे ठेवणं, तुम्ही शब्दशः काय घेता. बोलायची मुभा असती तर पुढचा अर्धा तास तिने हेच पटवून दिलं असतं आणि आम्ही माना डोलावल्या असत्या. पण नियम म्हणजे नियम. पुढच्या खर्ड्यात वाहक बॅग खांद्याला लावूनच जातो. ती बाई दार उघडते, आधी बॅगेकडे बघते आणि विचारते, "किती हायत?" कथा त्या दोन शब्दांवर उभी राहिली. आधीच्या खर्ड्यातलं प्रेम आता व्यवहाराच्या बाजूने दिसायला लागलं, आणि हे आमच्यापैकी कोणी सुचवलेलं नव्हतं.

मासिकातला वाचक कथा वाचताना लेखक शेजारी बसून खुलासे करत नाही. या बैठकीत तोच वाचक डोळ्यांसमोर दिसतो.

आता खटकलेली बाजू, आणि ती किरकोळ नाही. आमच्यातला एक जण बीड जिल्ह्यातला. त्याच्या कथेत ऊसतोडीला आलेलं जोडपं आहे. नवरा मारतो, बायको फड सोडून जात नाही. चारही जणांनी, मी धरून, जवळपास एकच सूर लावला: ती जात का नाही, फारच सोसणारी दाखवलीय, निदान एकदा तरी उसळायला हवी. तो नियमाप्रमाणे खाली मान घालून टिपत बसला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं की नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे कामाची एक जोडी, धरतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर हंगामाआधीच घेतलेली असते आणि ती घरी खर्चही झालेली असते. एक जण निघून गेला तर अर्धा कोयता राहतो आणि उचल फिटत नाही. ती जाणार कुठे, आणि मागे राहिलेल्या पोरांचं काय?

हे कथेतच यायला हवं होतं, असं म्हणता येईल, आणि थोडं यायलाही हवं होतं. पण खोलीतल्या बहुतेकांना जे जग माहीतच नाही त्या जगाच्या कथेवरचे शेरे लेखकाने गप्प बसून ऐकायचे म्हणजे बहुमताने तिला शहरी करून टाकायचं. अमेरिकेतही गोऱ्यांच्या वर्गात एकट्या पडलेल्या लेखकांनी या पद्धतीवर हाच आक्षेप घेतलाय. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही.

त्यावर आम्ही एक ठिगळ लावलं, ते आजवर टिकलंय. लिझ लर्मन नावाच्या नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास अभिप्रायाची चार पायऱ्यांची रीत बसवली. आधी काय भिडलं ते सांगायचं. मग कलाकाराने आपले प्रश्न विचारायचे. मग इतरांनी तटस्थ प्रश्न विचारायचे. शेवटी मत, तेही परवानगी घेऊन. आम्ही त्यातली तिसरी पायरी उचलून मिलफर्डच्या आधी लावली. तटस्थ प्रश्न विचारणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. "ती एवढी सोसते का?" हा प्रश्न नव्हे, तो शेरा आहे. "तिच्यापुढे त्या रात्री कोणते रस्ते होते?" हा प्रश्न. पहिल्या प्रश्नाने माणूस आखडतो, दुसऱ्याने त्याला स्वतःलाच काहीतरी सुचतं. बीडच्या कथेत आता मुकादमाच्या वहीचं एक पान आलंय, आकड्यांसकट, आणि नायिका तरीही कुठे जात नाही.

प्रेरणेचं म्हणाल तर या बाबतीत पद्धतीकडून काही अपेक्षा ठेवू नका. कथा सुचवण्याचं काम ती करत नाही. ज्याच्याकडे लिहायला काही नाही त्याला तिथे बसून आणखी कानकोंडं होतं. माझं सुचणं स्वारगेटच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत जे कानावर पडतं त्यावर चालतं, ते तसंच चालू आहे. दुसऱ्यांचे कच्चे खर्डे वाचून मात्र धीर येतो. छापलेली कथा वाचली की आपल्याला हे जन्मात जमणार नाही असं वाटतं, आणि कच्चा खर्डा वाचला की लोक कुठून कुठे पोचतात ते दिसतं.

नेटाने लिहिण्याच्या बाबतीत पूर्ण गुण. कारण साधं आहे: पाळी. आपली पाळी आली आणि कथा नसली तर चार माणसांचा रविवार वाया जातो. मूड, वेळ, परीक्षा ही सगळी कारणं त्या चार चेहऱ्यांपुढे फिकी पडतात. नोव्हेंबरच्या एका महिन्यात पन्नास हजार शब्द लिहायचं 'नॅनोरायमो' नावाचं जागतिक आव्हान मी कॉलेजात घेऊन पाहिलं होतं, तिथे आपण थांबलो तरी कोणाचं काही अडत नव्हतं. इथे काकू फोन करून विचारतात, "काय गं, पाठवतेस ना?"

कोणाला लावून बघायची असेल तर काही बारीक गोष्टी. कथा छापूनच द्या, दोन ओळींत जागा सोडून, ओळींना क्रमांक टाकून. मोबाइलवर वाचणारे लोक शेवटाबद्दलच बोलतात, मधला भाग त्यांनी अंगठ्याने उडवलेला असतो. युनिकोडमध्येच टंकलेखन करा. आमच्या एकाने जुन्या फॉन्टमधली फाइल पाठवली आणि आम्ही पानभर कचरा बघत बसलो. कथा तीन हजार शब्दांच्या आत ठेवली तर चार जण खरोखर वाचून येतात. कादंबरीचं एकेक प्रकरण या पद्धतीत चालत नाही, कारण दर वेळी मागचं काय घडलं यातच अर्धा वेळ जातो. आणि गटात पाचाहून जास्त लोक घेऊ नका. एकावर सात-आठ जण ओळीने बोलले की चौथ्यानंतर त्याला काही ऐकू येत नाही.

ज्याची एकच कथा लिहून झालीय आणि तीही कालच, त्याने इतक्यात या वाटेला जाऊ नये. आधी दोन-तीन कथा पेटीत पडू द्याव्यात. ज्याची कथा दोनदा परत आलीय आणि का ते कळत नाही, त्याने नक्की यावं. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा काकूंच्या चहाचा धरला तर चार. बहुतेक दिवाळी अंकांना मजकूर पावसाळ्यातच लागतो, त्यामुळे सध्या आमच्याकडे पाळीवरून भांडणं चालू आहेत.