मुंबईत एकच दिवस हाती असेल तर घारापुरी की वस्तुसंग्रहालय?

कोल्हापूर, नागपूर किंवा लातूरहून लग्नकार्यासाठी मुंबईत आलेल्या कुटुंबाच्या हाती बहुधा एकच मोकळा दिवस उरतो, आणि गेटवेसमोर उभे राहिल्यावर प्रश्न पडतो की समोरच्या लाँचमध्ये बसून घारापुरी (एलिफंटा) बेटावरची लेणी गाठावीत, की पाठ फिरवून दहा मिनिटांच्या चालीवर असलेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे. दोन्ही एका दिवसात उरकणारे लोक आहेत, पण त्यांना दोन्हींपैकी काय आठवते, हे विचारून पाहावे.

घारापुरीच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे प्रवास. बेट गेटवेपासून सुमारे १० किलोमीटरवर, लाँचने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे, आणि मुंबई हे मुळात बंदर आहे याची जाणीव या तासाभरात जितकी होते तितकी शहरात महिनाभर राहूनही होत नाही. नांगरलेली मालवाहू जहाजे, नौदलाची गोदी आणि मागे लहान होत जाणारा गेटवे हे सारे डेकवरून दिसते. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर नौदलाची वेगवान बोट प्रवासी बोटीवर आदळून मोठी जीवितहानी झाली होती. म्हणून जीवरक्षक जॅकेट मागून घ्यावे आणि उकाड्याची सबब न सांगता अंगावर ठेवावे.

बेटावर उतरल्यानंतर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी असते, पण खरी परीक्षा पुढच्या शंभराहून अधिक पायऱ्यांची असते. दोन्ही बाजूंना दुकानांची रांग असल्याने चढण जाणवत नाही असे म्हणतात. गुडघेदुखी असलेल्यांना ती पुरती जाणवते. डोलीवाले मिळतात, परंतु घासाघीस वर पोहोचल्यावर न करता बसण्याआधीच करावी. हातात खाऊची पिशवी मोकळी धरू नये, कारण माकडांना ती आपलीच वाटते.

वर पोहोचल्यावर मात्र तक्रार राहत नाही. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एका अखंड कातळात खोदलेल्या या मुख्य लेण्यात, उत्तरेकडच्या दारातून शिरल्यावर खांबांच्या रांगांपलीकडे, दक्षिण भिंतीवर सुमारे साडेपाच मीटर उंचीचा त्रिमुखी सदाशिव हळूहळू अंधारातून पुढे येतो. त्याच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूला गंगाधर शिव आहे. शिवपार्वतीचा विवाह, अंधकासुरवध आणि कैलास हलवणारा रावण इतर भिंतींवर सापडतात. मूर्तींचे खालचे भाग बऱ्याच ठिकाणी भंगलेले आहेत, तरी चेहऱ्यांवरची शांतता टिकली आहे. युनेस्कोने १९८७ मध्ये या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. केवळ या एका दालनासाठी अर्धा दिवस देणे मला कधीच जड वाटलेले नाही.

वस्तुसंग्रहालयाची बाजू वेगळ्या कारणांनी भक्कम आहे. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने गेटवेप्रमाणेच या इमारतीचाही आराखडा केला. १९०५ मध्ये पायाभरणी झाली, पहिल्या महायुद्धात तेथे लष्करी रुग्णालय होते आणि १९२२ मध्ये ते लोकांसाठी उघडले. सिंधू संस्कृतीच्या वस्तू, सिंधमधल्या मीरपूरखासची भाजक्या मातीची बौद्ध शिल्पे, लघुचित्रे, टाटा घराण्यातून आलेला संग्रह आणि मुलांना हमखास आवडणारा पेंढा भरलेल्या प्राण्यांचा विभाग, एवढे सगळे एका छपराखाली आहे. घारापुरीहून आलेली ब्रह्मदेवाची मूर्तीही येथे आहे. त्यामुळे पायऱ्या चढू न शकणाऱ्या आजीला त्या शिल्पशैलीची निदान ओळख होते. उणीव एवढीच की तिसऱ्या दालनानंतर पाय नव्हे तर डोळे थकतात, आणि सगळे पाहायचेच असा हट्ट धरणारा माणूस शेवटी फक्त पाट्या वाचत फिरतो. दोन विभाग निवडून बाकीचे सोडावे.

निर्णय बऱ्याचदा पंचांगच करते. सोमवारी लेणी बंद असतात, वस्तुसंग्रहालय मात्र सोमवारीही उघडे असते. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे लाँचसेवेचा भरवसा नसतो, तर एप्रिल-मेमध्ये दुपारी बेटावर जाणे म्हणजे घामाची आंघोळच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, मंगळवार ते शुक्रवारपैकी एखाद्या दिवशी, सकाळी पहिल्या काही लाँचपैकी एक पकडता येत असेल आणि सोबतची मंडळी चालणारी असतील, तर घारापुरीच निवडावी. सोबत सत्तरी ओलांडलेले कोणी किंवा कडेवरचे मूल असेल, तर वस्तुसंग्रहालय निवडण्यात कसलाही कमीपणा नाही.

संध्याकाळचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. वस्तुसंग्रहालयातून बाहेर पडलेल्यांना नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रातील एखादी मैफल सोयीची पडते. मराठी नाटकच पाहायचे असेल तर दादरचे शिवाजी मंदिर किंवा माटुंग्याचे यशवंत नाट्य मंदिर गाठावे आणि तिकीट आधीच काढून ठेवावे. घारापुरीहून परतलेल्यांनी मात्र नाटकाच्या वेळेशी शर्यत लावू नये. परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे हे बेटावर उतरतानाच विचारून घ्यावे, आणि पाय दुखत असतील तर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर फुकट बसावे.