इंग्रजी संभाषणाचा वर्ग: कानाला किती वेळ, जिभेला किती?

आठवड्याला दोन तास, समोर पंधरा-वीस शिकणारे, आणि सगळ्यांचं मागणं एकच: "आम्हाला बोलायला शिकवा." ऐकायला शिकवा असं म्हणत आजवर माझ्याकडे कुणीही आलेलं नाही. तरी महिनाभरानं गाडी अडते ती बहुतेकदा कानाशीच. शिकणारा पाठ केलेला प्रश्न बिनचूक विचारतो, समोरचा उत्तर देतो, आणि त्या उत्तराचं काय करायचं ते याला कळत नाही.

संभाषणाचा वेगच तसा आहे. दहा भाषांतल्या बोलण्याची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंद जातात, असं त्यात दिसलं. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एवढ्या वेळात वाक्य जुळवता येत नाही. ते समोरच्याचं ऐकता ऐकताच तयार होत असतं. ज्याचं सगळं लक्ष शब्द ओळखण्यात खर्च होतं, त्याच्याकडे उत्तर जुळवायला काही उरतच नाही.

असा वर्ग नव्यानं हाती घेणाऱ्यापुढे जे पर्याय येतात, ते खाली शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्ही बाजू सारख्याच चांगल्या, असं मी प्रत्येक ठिकाणी म्हणणार नाही.

आधी नुसतं ऐकणं, की पहिल्या दिवसापासून बोलणं?

भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांचं म्हणणं असं, की समजेल अशी भाषा भरपूर कानावर पडू द्या, बोलणं मागून येईल. त्याला धक्का बसला तो कॅनडात. तिथे इंग्रजी घरांतली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमातून शिकत होती. फ्रेंच त्यांना उत्तम समजायचं, पण बोलताना व्याकरण मागेच राहायचं. भाषा स्वतःच्या तोंडून काढावी लागते तेव्हाच आपलं काय अडतंय ते कळतं, असा मुद्दा तिथल्याच भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ साली त्यावरून मांडला.

मला स्वेन यांची बाजू पटते, अपवाद फक्त अगदी नवख्यांचा. त्यांना पहिल्याच तासाला उभं करून स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायला लावणं म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. त्यांच्यासाठी पहिले काही तास मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांची रीत बरी: शिक्षकानं सूचना द्यायची, शिकणाऱ्यानं ती करून दाखवायची. दार उघड, वही खिडकीत ठेव, आता ती शेजाऱ्याला दे. समजलं की नाही ते हातापायांवरून कळतं, आणि बोलायची सक्ती नसते.

रेकॉर्डिंग आणि प्रश्न, की तुकडे करून ऐकणं?

सर्वात जास्त वेळ इथे वाया जाताना मी पाहिला आहे, माझ्याही हातून. नेहमीची पद्धत अशी: रेकॉर्डिंग लावायचं, वर्कशीटवरचे प्रश्न सोडवून घ्यायचे, उत्तरं तपासायची. तयारी सोपी, गुण देता येतात. आयेल्ट्ससारखी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांना ही सवय हवीच. तिथे रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात आणि ४० प्रश्न असतात. पण यात ऐकण्याची परीक्षा होते, शिकवणं होत नाही. दोन-तीन शब्द पकडून अंदाजानं बरोबर उत्तर येऊ शकतं, आणि उत्तर चुकलं तर कान नेमका कुठे घसरला ते कुणालाच कळत नाही.

एकदा एका वर्गानं सगळे प्रश्न बरोबर सोडवल्यावर मी त्याच रेकॉर्डिंगमधलं एक वाक्य पुन्हा लावलं आणि जसंच्या तसं लिहायला सांगितलं. कुणाचंही वाक्य पूर्ण जमलं नाही.

दुसरी पद्धत नेमकी इथून सुरू होते. वीस-तीस सेकंदांचा तुकडा घ्यायचा. एकेक वाक्य तीन-चारदा ऐकवायचं, ऐकू आलं तसं लिहून घ्यायचं, शेजाऱ्याशी ताडून पाहायचं, आणि मग छापील वाक्य समोर ठेवून विचारायचं, हे आपल्याला का ऐकू आलं नाही? कारण बहुतेकदा एकच असतं. कागदावर सुटे दिसणारे शब्द तोंडात एकमेकांत मिसळतात. 'व्हॉट आर यू गोइंग टू डू' हे कानावर 'व्हाचा गना डू' असं येतं. 'कॅन' आणि 'कान्ट' यांचं उदाहरण तर मी प्रत्येक वर्गात घेतो. शिकणारा शेवटच्या 'ट'ची वाट पाहतो, आणि भराभर बोलताना तो 'ट' पुष्कळदा गिळलेलाच असतो. फरक स्वरात आहे: होकारातला स्वर वाक्याच्या मध्ये इतका आखडतो की उरतं नुसतं 'क्न', नकारातला स्वर ठसठशीत राहतो. हे एकदा दाखवलं की उलटा अर्थ लावायची चूक झपाट्यानं कमी होते.

ही पद्धत दमवते. पंधरा मिनिटांच्या पुढे नेली तर वर्ग कंटाळतो. थोडा बदल हवा असेल तर डिक्टोग्लॉस करून पाहा. छोटा उतारा नेहमीच्या वेगानं दोनदा वाचायचा, फक्त मोजके शब्द टिपू द्यायचे, आणि मग गटानं तो उतारा पुन्हा उभा करायचा. त्यात बोलणंही होऊन जातं.

तुम्ही स्वतः वाचून दाखवत असाल तर सावकाश बोलू नका. शब्द ताणले की ते मिसळणं नाहीसं होतं, आणि जे शिकवायचं तेच निघून जातं. वेग तोच ठेवा, शब्दसमूहांच्या मध्ये थांबा.

रेकॉर्डिंग की शिक्षकाचा आवाज, या वादात मी सुरुवातीला आवाजाच्या बाजूनं आहे. रेकॉर्डिंगला मध्येच थांबवून खुलासा विचारता येत नाही, माणसाला येतो, आणि तसं विचारणं हा संभाषणाचाच भाग आहे. नुसतं 'पार्डन' शिकवू नका. 'सॉरी, डिड यू से थर्टीन ऑर थर्टी?' असं, नेमकं कुठे अडलं ते सांगणारं वाक्य शिकवा. वेगवेगळे आवाज आणि उच्चार कानावर पडायला हवेत, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रेकॉर्डिंग आणा.

मोकळ्या गप्पा, की हातात काम?

फळ्यावर 'प्रवास' असा विषय लिहून "बोला आता" म्हटलं की तीन जण बोलतात, उरलेले मान डोलावतात. मोकळ्या गप्पा जमतात त्या चार-पाच जणांच्या, बऱ्यापैकी बोलता येणाऱ्या गटात. मोठ्या वर्गात मला त्यात वेळकाढूपणाच दिसतो.

कामाची बाजू भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांच्या, कामं देऊन इंग्रजी शिकवणाऱ्या बंगळूरच्या प्रकल्पातून (१९७९ ते १९८४) चांगली कळते. बोलायची गरज निर्माण करणाऱ्या तीन प्रकारच्या दरी त्यांनी सांगितल्या: माहितीची, तर्काची आणि मताची. दोघांकडे एकाच वेळापत्रकाचे अर्धे अर्धे तपशील आहेत, ही माहितीची दरी. सोपी, पण एकेका शब्दावर भागून जाते: "टेन थर्टी?" "नो, इलेव्हन." तेच वेळापत्रक पुढे ठेवून तिघांनी एकत्र कधी निघायचं ते ठरवायला सांगा, ही तर्काची दरी. आता कारणं द्यावी लागतात, 'बिकॉज' आणि 'इफ' आपोआप बाहेर पडतात. प्रभूंचा कल याच दुसऱ्या प्रकाराकडे होता, माझाही आहे. मताची दरी, म्हणजे स्वतःचं मत मांडायचं काम, शेवटी ठेवा. तिला भाषेचं भांडवल जास्त लागतं.

ओघ वाढवायचा असेल तर ४-३-२ हा खेळ. एकच गोष्ट एकाला चार मिनिटांत सांगायची, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. ऐकणारा दर वेळी नवा असतो, त्यामुळे पुन्हा तेच सांगताना खोटं वाटत नाही.

चूक लगेच, की मागून?

यावर थोडक्यात. चुकलेलं वाक्य शिक्षकानं स्वतःच बरोबर करून म्हणणं हा सगळ्यात रुळलेला उपाय. लिस्टर आणि रांटा या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं की शिक्षक हाच सर्वात जास्त वापरतात, आणि शिकणारे प्रतिसाद देतात तो याच उपायाला सर्वात कमी. त्यापेक्षा भुवया उंचावून थांबा, त्यालाच दुरुस्त करू द्या. आणि अर्थ पोहोचला असेल तर मध्ये पडूच नका. चूक वहीत टिपा, तासाच्या शेवटी नाव न घेता फळ्यावर मांडा.

मग दोन तास कसे वाटायचे?

पहिल्या दिवशी दहा मिनिटं काढा. नेहमीच्या वेगानं पाच वाक्यं बोला आणि ती शिकणाऱ्यांकडून लिहून घ्या. मग जोड्या करून एकेकाला शेजाऱ्याशी एक मिनिट बोलू द्या, आणि तुम्ही फिरत ऐका. वाक्यं अर्धीमुर्धी आली असतील, तर पहिले दोन महिने निम्मा वेळ कानाला द्या आणि कामं माहितीच्या दरीचीच ठेवा. वाक्यं नीट आली पण जीभ अडखळते आहे, तर ऐकण्याला पंधरा मिनिटं पुरतात. बाकी तर्काची दरी आणि ४-३-२. परीक्षा दोन महिन्यांवर आली असेल तर प्रश्नपत्रिकेचं रेकॉर्डिंग चुकवू नका, फक्त उत्तरं तपासून झाल्यावर सर्वात जास्त जणांचा चुकलेला एक प्रश्न घ्या आणि त्याचं वाक्य पुन्हा लावा.