डेटा सायन्स आणि मानव्यविद्या : मुंबईतील एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अनुभव

मराठी विषयात एम.ए. केल्यानंतर मुंबईतील एका संस्थेत डेटा सायन्स आणि मानव्यविद्या यांची सांगड घालणारा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. प्रवेशाच्या विचारात असलेल्या काही विद्यार्थ्यांनी त्याविषयी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

पहिल्या सत्रात पायथन ही संगणकाची प्रोग्रामिंग भाषा आणि संख्याशास्त्राचा पाया शिकवला जातो. दहावीनंतर गणिताशी संबंध न राहिलेल्यांनाही शिक्षक कंटाळा न करता पुन्हा पुन्हा समजावतात, त्यामुळे मला हे सत्र जड गेले नाही. मात्र एवढेच शिकायचे असेल तर ते इतरत्रही शिकता येते.

अभ्यासक्रमाचे खरे मोल मला तिसऱ्या सत्रात कळले. मुंबईतील घरांच्या प्रश्नाविषयी मराठी नियतकालिकांतून कसे लिहिले गेले, हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय होता. 1940 ते 1980 या काळातील निवडक अंकांची पाने स्कॅन करून, त्यांतील मजकूर संगणकाकडून ओळखून घेऊन मी शब्दांची वारंवारता मोजली. ‘घरे’ हा शब्द साठच्या दशकापर्यंत जवळजवळ दिसतच नव्हता आणि त्यानंतर आलेखाची रेघ एकदम वर चढत होती. नव्या वसाहतींशी त्याचा संबंध जोडून मी दोन पानांचे विवेचनही लिहून टाकले. मार्गदर्शक बाईंनी ते वाचून एकच प्रश्न विचारला, “मूळ पाने तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत का?” मी पुन्हा ग्रंथालयात गेले आणि पाहते तो जुन्या अंकांत सर्वत्र ‘घरें’ असे छापलेले होते. 1962च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, ‘घरें’चे ‘घरे’ झाले आणि यंत्राने ते दोन निराळे शब्द मानले. माझ्या आलेखात मुंबईतील घरे वाढली नव्हती, फक्त टिंब गेले होते.

त्यानंतरचे चार महिने मजकूर स्वच्छ करण्यात गेले. जुन्या कागदावरचा शाईचा ठिपका आणि अनुस्वार यांत यंत्राला फरक कळत नाही, त्यामुळे कितीतरी ओळी मूळ पानाशी ताडून पाहाव्या लागल्या. ‘घर’, ‘घराला’, ‘घरातून’, ‘घरापासून’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे यंत्राला वेगळे सांगावे लागते. ‘भाडेकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य संकेतप्रणालीत, दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण मोजणीत ते दोन शब्द ठरतात. स्थळनामांचीही तीच कथा. बोरीबंदर, व्ही. टी., 1996 नंतरचे छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि 2017 नंतरचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे एकच स्थानक आहे, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही; नकाशा काढणाऱ्या प्रणालीला मात्र त्यासाठी हाताने तयार केलेली यादी द्यावी लागते. मराठीच्या विद्यार्थ्याचे व्याकरण, जुन्या मुद्रणाची ओळख आणि शहराची माहिती येथे प्रत्यक्ष उपयोगाला येते, आणि हे मला याच अभ्यासक्रमाने दाखवून दिले. त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

माझी तक्रारही याच कामासंबंधी आहे. चार महिन्यांच्या या श्रमाला मूल्यमापनात एकही गुण नाही. गुण आहेत ते मजकुराचे विश्लेषण करणाऱ्या संगणकीय प्रारूपाला (मॉडेलला), आलेखांना आणि सादरीकरणाला. या विद्याशाखेच्या इतिहासाच्या तासाला आम्हाला फादर रोबेर्तो बुसा या इटालियन धर्मगुरूंचे कार्य शिकवले गेले. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनाची शब्दसूची करण्यासाठी 1949 मध्ये त्यांनी आयबीएम या अमेरिकन कंपनीचे साहाय्य मिळवले आणि पुढे कित्येक वर्षे पंचकार्डांच्या, म्हणजे छिद्रे पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांच्या, आधारे ते काम चालले. ती कार्डे छिद्रित करणाऱ्या इटलीतील तरुण मुलींची नावे दीर्घकाळ कोणी नोंदवली नाहीत, हेही शिक्षकांनी आवर्जून सांगितले. तो तास मला फार भावला होता. म्हणूनच त्याच वर्गातील विद्यार्थ्यांचे तसलेच काम बिनगुणांचे राहावे, हे मला अधिक लागले. शिवाय सरावासाठी दिलेला मजकूर पहिली दोन्ही सत्रे केवळ इंग्रजीतला होता. मराठीची गाठ तिसऱ्या सत्राऐवजी पहिल्याच महिन्यात पडली असती, तर माझा तो चुकीचा आलेख फार पूर्वीच निघाला असता आणि दुरुस्तही झाला असता.

पुराभिलेखांचा पेपर छोटा असला तरी उत्कृष्ट होता. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागाराची आणि टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीची ओळख मला त्यामुळेच झाली. मोडी वाचता येणाऱ्यांनी तर हा पेपर मुळीच सोडू नये. मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे, पण कागद वाचून तपासणारा माणूस अजूनही लागतोच.

केवळ नोकरीसाठी डेटा सायन्स शिकू पाहणाऱ्यांना मी हा अभ्यासक्रम सुचवणार नाही. ज्यांच्याजवळ भाषेविषयी किंवा इतिहासाविषयी स्वतःचा एखादा प्रश्न आहे, त्यांनी अवश्य अर्ज करावा. मात्र शुल्क भरण्यापूर्वी प्रत्यक्ष जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: मागील तुकडीने कोणत्या मराठी मजकुरावर काम केले, आणि स्वच्छ केलेला मजकूर त्याच्या टिपणासह लघुप्रबंधाचा भाग म्हणून स्वीकारला जातो का.