तीन रूपांची यादी आधी, की ‘विल’चा सांगाडा?

अनियमित इंग्रजी क्रियापदांचे भविष्यकाळ शिकवायच्या आपल्याकडे दोन पद्धती दिसतात. गो-वेंट-गॉन, राइट-रोट-रिटन ही यादी आधी तोंडपाठ करून घ्यायची आणि मग काळांकडे वळायचं, ही एक. दुसरीत ‘विल’चे चार सांगाडे (विल गो, विल बी गोइंग, विल हॅव गॉन, विल हॅव बीन गोइंग) आधी पक्के करायचे आणि क्रियापदं त्यांत बसवत जायची. सोलापुरात शिकवणी घेताना मी दोन्ही वापरल्या आहेत.

यादीला समजावून सांगावं लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पूर्व भागातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींकडे कन्नड. त्यांना इंग्रजी व्याकरण मराठीतून सांगायचं म्हणजे दुहेरी ओझं. यादी मात्र आई स्वयंपाक करता करता म्हणवून घेते. शिवाय भूतकाळाला ती लागतेच.

मला खटकलं ते हे, की तालात पाठ केलेल्या यादीतलं मधलं रूप जिभेवर बसतं. मूल बिनदिक्कत ‘आय विल वेंट’ म्हणतं. ते सुधारलं की ‘विल हॅव वेंट’ सुरू होतं. ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, बाय-बॉट-बॉट यांत दुसरं आणि तिसरं रूप एकच, त्यामुळे ‘विल हॅव ब्रॉट’ बरोबर येतं आणि मुलाला समजलं असं आपण धरून चालतो. गो, राइट, ईट आले की घोटाळा उघडा पडतो.

भविष्यकाळात दुसऱ्या रूपाचं कामच नाही. ‘विल गो’ला मूळ रूप लागतं. ‘विल बी गोइंग’ आणि ‘विल हॅव बीन गोइंग’ला आयएनजी लावलेलं. तिसरं रूप पाठ असावं लागतं ते फक्त ‘विल हॅव गॉन’साठी. एवढ्याकरता यादीचा मधला रकाना आधी डोक्यात भरणं मला पटत नाही.

मराठीतही ‘जा’चं भूतकाळात ‘गेलो’ होतं, भविष्यात मात्र ‘जाईन’. ‘दे’चं ‘दिलं’, पण ‘देईन’. हे दाखवलं की ‘विल’पुढे मूळ रूप का, हे मुलांना पटकन पटतं. ‘आपण स्टेशनवर पोचेपर्यंत हुतात्मा एक्स्प्रेस गेलेली असेल’ हे वाक्य फळ्यावर लिहिलं की ‘विल हॅव गॉन’ही उमगतं.

सांगाड्याला सुरुवातीला वेळ लागतो. मुलाकडून वाक्यं करून घ्यावी लागतात, आणि भरलेल्या वर्गात प्रत्येकाचं ऐकणं कठीण जातं. परीक्षा तोंडावर असेल तर कदाचित यादीच बरी. पण हाताशी निदान दिवाळीपर्यंतचा वेळ असेल तर माझ्या मते सांगाड्यापासून सुरुवात करावी. यादी त्यानंतर द्यावी, तीही आधी पहिलं आणि तिसरं रूप एवढीच. मधलं रूप भूतकाळाच्या धड्याला घ्यावं.